चुलीसकट आलेलं घर

फार जुनी गोष्ट आहे. त्या राज्याचं नावसुद्धा आता कुणाला आठवत नाही. वेळ सकाळची, ऊन नुकतं झाडांच्या शेंड्यांवर आलेलं. ठिकाण ओढ्याचा काठ. दिवस बांध घालण्याचा.

गावाचा रिवाज असा, की दिवाळी उलटून ओढ्याची धार बारीक झाली की घरटी एकाने यायचं आणि सगळ्यांनी मिळून बांध घालायचा. रिवाज चांगला होता. वाईट होती ती गावाची हुशारी. प्रत्येक घर माणूस पाठवायचं खरं, पण ज्याच्यावाचून घरात काही अडत नाही असाच नेमका. पाटलांकडून यायचा त्यांचा झोपाळू मेहुणा. तेल्यांकडून कंबर धरून चालणारे काका. सोनारांनी तर एकदा पाहुणा आलेला जावईच धाडला होता, कोऱ्या धोतरात.

ही मंडळी दुपारपर्यंत माती टाकायची. मग जो तो जेवायला आपापल्या घरी जायचा, आणि जेवलेला माणूस काही परत यायचा नाही. बांधाचं मधलं तोंड उघडंच राहायचं. ओल्या मातीचा बांध त्याच दिवशी बंद झाला तर टिकतो. नाहीतर उघड्या तोंडातून पाणी घुसतं आणि सकाळपर्यंत सगळं घेऊन जातं. दरवर्षी तेच व्हायचं. आणि दरवर्षी राजाचा कारभारी घोड्यावरून यायचा, अर्धा बांध बघायचा आणि दरबारात सांगायचा, "काम उत्तम झालं." बांधासाठी राजाने घडीव दगड धाडले होते. ते कुठे आहेत असं विचारलं, की कारभारी म्हणायचा, "वाटेत आहेत."

ठकू कुंभारणीला हे सोसणारं नव्हतं. मागच्या उन्हाळ्यात ओढा आटला, कुंभाराचं चाक थांबलं आणि तिचं घर पांगलं. नवरा लांब वीटभट्टीवर गेला, सासू लेकीकडे, पोरगी धुरपी मामाकडे. ठकू एकटी घर राखत बसली. भाकऱ्या थापताना हात सवयीने थापतच राहायचा आणि उरलेल्या भाकऱ्या गाढवांना जायच्या. पावसाने सगळ्यांना परत आणलं. यंदाही बांध वाहून गेला, तर चैत्रात पुन्हा चार दिशांना चार तोंडं.

"उद्या बांधावर मी जातो," आदल्या दिवशी नवरा म्हणाला.

"एकट्याने नाही. सगळे जाऊ."

"अगं, आणि जेवणाचं काय?"

"चूलपण नेऊ. कुंभाराच्या घरात चुलीला काय तोटा?"

"बरं झालं," सासू म्हणाली. "मला वाटलं, मला खुंटीला टांगून जाताय."

सकाळी वरात निघाली. एका गाढवावर चूल, तवा, पीठ आणि कांदे. दुसऱ्यावर सासू. पुढे धुरपी, गाणं म्हणत.

पाटलांचा मेहुणा झाडाखाली आडवा होता. तो कोपरावर उठून हसला. "काय ठकूवहिनी, बांध घालायला आलात की बिऱ्हाड थाटायला? गाढवंसुद्धा आणलीत!"

त्या काळी गाढवं बोलत. थोरलं गाढव म्हणालं, "आमच्यात गाढवं घरच्यांबरोबर येतात. तुमच्यात एकट्याला पाठवतात."

काठावर इतकं हसू फुटलं, की मेहुणा उठला आणि फावडं शोधू लागला.

कुंभाराच्या घराने माती तुडवायला घेतली. हातात हात धरून गोल, चिखल गुडघ्यापर्यंत, धुरपी मध्ये. सासू दगडावर बसून हुकूम सोडत होती, "अरे, जोरात! चिखल आहे, गादी नव्हे!" बाकीची मंडळी आधी बघत राहिली, मग तीही त्या गोलात शिरली.

दुपार झाली. मंडळींनी फावडी टेकली. ठकूने बांधाकडे पाहिलं. मधलं तोंड उघडंच होतं आणि कडेची माती पाण्यात विरघळू लागली होती. तिने कुणाची विनवणी केली नाही. तिने पिठल्याला फोडणी दिली.

तेल्यांचे काका जाता जाता थांबले. "लसूण घातलीय वाटतं?"

"घातलीय, काका. बसा. पण एक ठरलं, इथे जेवला तो तोंड बंद होईपर्यंत घरी जायचा नाही."

काकांनी घराकडे बघितलं, तव्याकडे बघितलं आणि बसले. "कुणीतरी आमच्या हिला सांगा, चटणी घेऊन इकडेच ये म्हणावं. आणि पोरांनाही आण."

काकू आल्या, पोरं आली. पोरं चिखलात लोळताना बघून शेजारची पोरं आली, त्यांना ओढायला त्यांच्या आया आल्या आणि त्याही थांबल्या. शेवटी घरात वाढायला कुणीच उरलं नाही, म्हणून पाटील स्वतः शोधत आले, हातात ताकाचं मडकं घेऊन.

एवढ्यात कारभारी आला. घोड्यावरूनच म्हणाला, "वा! काम उत्तम झालं. आता घरी जा."

"झालेलं नाही, सरकार," ठकू म्हणाली. "उतरून बघा. तोंड उघडं आहे."

"मी दरबारात सांगून आलोय."

"मग खोटं सांगून आलात. आणि दगड?"

"वाटेत आहेत."

"इतकी वर्षं चालतायत बिचारे," सासू म्हणाली. "दमून कुणाच्या दारात तर नाही ना बसले?"

कारभाऱ्याने घोडा वळवला, तो पुन्हा तिकडे फिरकलाच नाही.

ऊन कलायच्या आत सगळी घरं पाण्यात उतरली. उघड्या तोंडात पाटील, काका, कुंभार, मेहुणा खांद्याला खांदा लावून उभे राहिले आणि त्यांच्या पाठीशी बायकापोरांनी माती रचली. शेवटची पाटी धुरपीने ओतली. धार तुटली. पाणी थबकलं, मागे सरलं आणि हळूहळू चढू लागलं. पोरांनी जो कल्ला केला, त्याने झाडावरचे बगळे उडाले.

त्या चैत्रात कुंभाराचं चाक फिरत होतं. घरातलं कुणी कुठे गेलं नाही, आणि थापलेल्या भाकऱ्या ताटातच संपत होत्या. तेव्हापासून बांधावर माणूस येत नाही, चुलीसकट घरं येतात.

घरात नको असलेला माणूस गावाला दिला तर गावाचं काम नासतं. अख्खं घर हसतखेळत उतरलं तर तडीला जातं.

राहता राहिले दगड. राजाने धाडलेल्या प्रत्येक दगडावर हत्तीची खूण कोरलेली होती. कारभाऱ्याच्या ओसरीच्या पायऱ्यांवरही तीच खूण आहे. ते दगड तिथे कसे पोचले, हे त्याने अजून सांगितलेलं नाही.