चिंगीची लाल गोधडी

बागेच्या भिंतीत एक बीळ. बिळात कोण? चिंगी चिचुंद्री!
नाक लांब. शेपूट लांब. आणि चिंगी एवढीश्शी.

चिंगी फार दचकायची. दार वाजलं, धाड! चिंगी दचकली. भांडं पडलं, ठण्ण! चिंगी दचकली. स्वतःच शिंकली, आक्छी! तरी चिंगी दचकली.

थंडीचे दिवस आले. पानं पिकली. पानं गळली. टप टप टप.
चिंगी फिरायला निघाली. भिंतीच्या कडेकडेनं. तुरुतुरु, तुरुतुरु.

पिंपळाचं जुनं पान सापडलं. नुसती जाळी जाळी. "अय्या, ही तर चहाची गाळणी!"
चिंचेचं पान सापडलं. दोन्हीकडे दाते दाते. "ही तर फणी!"
पळसाचं पान सापडलं. गोल गोल. "हे तर ताट!"
मग सापडलं बदामाचं पान. लाल लाल. मोठं मोठं. चिंगी त्याच्याखाली शिरली. नाकापासून शेपटीपर्यंत अख्खी मावली.
"ही तर गोधडी! माझी गोधडी!"

गाळणी बिळात ठेवली. फणी ठेवली. ताट ठेवलं. गोधडी न्यायला बाहेर आली, तर...
खर्र! खर्र! खर्र!
कौसामावशीचा खराटा!

कौसामावशी रोज बाग झाडायची. पानांचा ढीग करायची. मग चहा प्यायची. चहा संपला, की ढिगाला काडी लावायची. ढीग जळून जायचा.
खर्र! गोधडी गेली ढिगात.

चिंगी दचकली. टुण्णकन उडाली. पण पळाली नाही!
"मावशी, मावशी, ढीग उपस. माझी गोधडी मिळेना!"
"गोधडी? कसली गोधडी? कचरा आहे तो, कचरा!"
"कचरा नाही. गोधडी!"
"जा गं बाई. कंबर धरलीय माझी. मी नाही उपसत. वारा ढीग उडवेल, तेव्हा घे शोधून. मी चहा टाकते. चहा प्यायले, की काडी लावते."
मावशीनं स्टोव्ह पेटवला. भस्स!
चिंगी म्हणाली, "मी घेणार म्हणजे घेणार!"
आणि निघाली. फाटकाखालून बाहेर. तुरुतुरु, तुरुतुरु.

भिंतीपलीकडे वारा लोळत पडला होता. "ऊंऽऽऽ! कोण आहे?"
चिंगी दचकली. टुण्णकन उडाली. पण पळाली नाही!
"वारोबा, वारोबा, ढीग उडव.
मावशी उपसेना,
माझी गोधडी मिळेना!"
"मी नाही उडवत. फाटक बंद आहे. येऊ कुठून? भिंतीवर डोकं आपटू? फाटक उघडेल, तेव्हा येईन."
तिकडे चहा उकळला. बुडबुड, बुडबुड.
चिंगी म्हणाली, "मी घेणार म्हणजे घेणार!"
आणि निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

फाटक कुरकुरलं. "कर्रर्र! काय गं?"
चिंगी दचकली. टुण्णकन उडाली. पण पळाली नाही!
"फाटकोबा, फाटकोबा, उघड ना.
वारा उडवेना,
मावशी उपसेना,
माझी गोधडी मिळेना!"
"मी नाही उघडत. मला टेकून कोण बसलंय बघ. म्हैस! म्हैस उठेल, तेव्हा उघडेन."
तिकडे चहा गाळला. सुर्रर्र, सुर्रर्र.
चिंगी म्हणाली, "मी घेणार म्हणजे घेणार!"
आणि निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

म्हैस रवंथ करत होती. चकर चकर, चकर चकर. मध्येच फुसकारली. "हुंऽऽफ!"
चिंगी दचकली. टुण्णकन उडाली. पण पळाली नाही!
"म्हशीबाई, म्हशीबाई, ऊठ ना.
फाटक उघडेना,
वारा उडवेना,
मावशी उपसेना,
माझी गोधडी मिळेना!"
"मी नाही उठत. पाठीला खाज सुटलीय."
"मग उठून भिंतीला घास की पाठ!"
"शहाणीच आहेस! मला बसल्या जागी खाजवून हवंय. कावळा खाजवेल, तेव्हा उठेन."
आणि परत चकर चकर.
तिकडे मावशीनं पहिला घोट घेतला. फुर्रर्र!
चिंगी म्हणाली, "मी घेणार म्हणजे घेणार!"
आणि निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

कावळा दगडावर बसला होता. काळा काळा. चोच ही एवढी! "काव!"
चिंगी दचकली. टुण्णकन उडाली. दोनदा उडाली. पण पळाली नाही!
"कावळोबा, कावळोबा, म्हशीला खाजव.
म्हैस उठेना,
फाटक उघडेना,
वारा उडवेना,
मावशी उपसेना,
माझी गोधडी मिळेना!"
"मी नाही खाजवत! तू कोण मला सांगणार? एवढीशी टिकली! पळ, नाहीतर तुलाच खाईन."
चिंगीनं शेपूट ताठ केलं.
"नाही पळणार," चिंगी म्हणाली.
"पळ!"
"नाही!"
"पळतेस की नाही?"
"नाही, नाही, नाही! वास सोडू का?"
"हॅ! कसला वास?"
फुस्सऽऽऽ!
"ईईई! शी शी शी! बंद कर, चिचुंद्रे, बंद कर!"
"खाजवतोस?"
"खाजवतो बाई, खाजवतो! नाक धरायला हातसुद्धा नाहीत गं मला!"

तिकडे चहा संपला. मावशीनं कप खाली ठेवला. खट्ट! काडेपेटी उघडली. काडी काढली.
लवकर, लवकर!

कावळा म्हशीला खाजवू लागला. टोच टोच, टोच टोच.
म्हैस उठली. हुश्शऽऽ!
फाटक उघडलं. कर्रर्र!
वारा आत धावला. सूंऽऽऽ!
मावशीनं काडी ओढली. चर्रर्र!
वाऱ्यानं फुंकर मारली. फू!
काडी विझली. ढीग उडाला. भर्रर्र!
पानं वर. पानं खाली. पानं मावशीच्या अंबाड्यात!

"अरे अरे अरे! सकाळपासून झाडतेय मी!" मावशी ओरडली.
लाल पान गिरक्या घेत आलं. भिर भिर, भिर भिर. चिंगीनं देठ दातात धरलं. घट्ट!
"अगं, या एका पानासाठी एवढा गोंधळ?"
चिंगी दातांतूनच म्हणाली, "पान नाही. गोधडी!"
आणि चिंगी पानाखाली शिरली. नाकापासून शेपटीपर्यंत. अख्खी.
मावशी खाली वाकली. बघत राहिली.
"हं. गोधडीच आहे की गं!"

मावशीच्या पायाशी सागाचं पान पडलं होतं. केवढं मोठं! मावशीनं ते उचललं. उलटं केलं. सुलटं केलं. दोन्ही हातांत धरून पाखडून बघितलं. फट फट, फट फट.
"अगंबाई! हे तर सूप!"
मावशी हसली. काडेपेटी कमरेला खोचली.
"बरं बाई. आज नाही जाळत. झाडांच्या बुंध्याशी लोटते सगळी पानं. झालं समाधान?"

चिंगी गोधडी ओढत निघाली. सर्र सर्र, सर्र सर्र. गोधडी बिळात गेली. चिंगी गोधडीत गेली.
आतून आवाज आला.
"उद्या पण नाही जाळायचं!"
"उद्याचं उद्या बघू," मावशी म्हणाली.
"बघू नाही! उद्या पण नाही!"
"बरं, उद्या पण नाही. झोप आता."
बिळात सगळं शांत. मावशीनं खराटा उचलला. तेवढ्यात बिळातून लांबडं नाक बाहेर आलं.
"परवा पण नाही!"