माळ्यावरचं मऊ गवत

पूर्वी शाद्वल नावाच्या नगरात वसुरक्ष राजाचं राज्य चाललेलं असताना बोधिसत्त्वाने राजाच्या मेंढवाड्यात बोक्याचा जन्म घेतला. हसू नका. बोधिसत्त्व हत्ती झाला, हरीण झाला की तुम्ही माना डोलावता, आणि बोका झाला की लगेच नाक मुरडता. ज्यांना घरातलं एक मांजर आवरत नाही त्यांनी तर बोलूच नये.

मेंढवाड्यावर लाकडी माळा होता. त्यात कापणीचं गवत भरून ठेवत, आणि त्या गवतात बोधिसत्त्वाचं सगळं कुळ राही. उंदीर धरतात म्हणून माणसं त्यांना दूध घालीत. दुपारी फळ्यांच्या फटींतून ऊन आत येई, धूळ सोन्यासारखी तरंगत राही, खालून मेंढरांच्या रवंथाचा संथ आवाज येई, आणि अख्खं कुळ असं झोपे की जगात काम नावाची गोष्टच नसावी.

वाड्याची एक रीत होती. पहिलारू मेंढी, म्हणजे पहिल्याच खेपेची, गाभण राहिली की तिचे डोहाळे करायचे. कपाळाला गेरूचा टिळा लावायचा आणि त्या दिवसापासून तिला माळ्यावरचं, अगदी वरच्या थरातलं मऊ गवत घालायचं. बाकीच्यांना बाहेरच्या गंजीतला जाडाभरडा चारा. हे सगळं रोहिता करी. मुख्य मेंढपाळ खेमक, त्याची ती थोरली विधवा बहीण. तिला मूलबाळ नव्हतं. होता तो हा वाडा.

त्या हिवाळ्यात टिळ्याच्या मेंढ्या गाभडू लागल्या. आज एक, चार दिवसांनी दोन. दिवस भरायच्या आधीच कोकरू पडे, ओलं, थंड, मुठीएवढ्या डोक्याचं. रोहिता ते नदीकाठी पुरून येई आणि उरलेल्या मेंढ्यांना मायेने आणखी मऊ गवत काढून घाली.

अखेर राजाने पुरोहित दीर्घघोषाला पाठवलं. हा मोठा विद्वान. मेंढीचं तोंड कुठल्या बाजूला असतं हे त्याला ती ओरडली की कळे. त्याने वाड्याला एक फेरी मारली, नाकाला उपरणं लावलं आणि म्हणाला, "या बाईच्या हातात दोष आहे. पौर्णिमेला हिला वेशीबाहेर काढा."

खेमक जमिनीकडे बघत राहिला. "अक्का, मी काय बोलू? राजाचा पुरोहित तो."

"नको बोलूस," रोहिता म्हणाली. "आजवर कधी बोललास ते आज बोलशील?"

त्या दुपारी बोधिसत्त्वाला झोपेत एक दृश्य दिसलं. माळ्याच्या शिडीवरून कोकरं वर येत होती. कापसासारखी हलकी, खुरांचा आवाज नाही. गवतातून ती त्याच्या अंगावरून, पिल्लांच्या अंगावरून वाहत गेली, ढग जातात तशी.

"कुठे निघालात?" त्याने विचारलं.

"आम्ही आलोच नाही," सगळ्यात धाकटं म्हणालं. "तुमच्या अंथरुणात वाट चुकलो."

तो जागा झाला. रोहिता शिडीवर उभी राहून, तो निजला होता तिथलंच गवत उपसत होती. गवत अजून उबदार होतं, आणि कुळातल्या कोणीतरी त्यातच घाण झाकून ठेवली होती. बोधिसत्त्वाने फटीतून खाली पाहिलं. गाभडलेल्या प्रत्येक मेंढीच्या कपाळाला टिळा होता. एकच पहिलारू बिनटिळ्याची होती. डोहाळ्यांच्या दिवशी तिच्या पायात काटा मोडला म्हणून ती बाहेर गंजीपाशी राहिली, ती तिथलीच झाली. लंगडत होती, पण पोट कसं घागरीसारखं!

त्याने कुळाला गोळा केलं. "आपल्या विष्ठेतून काहीतरी जातंय," तो म्हणाला, "डोळ्यांना न दिसणारं. ते गाभ पाडतं."

"आमची घाण?" एक म्हातारी मांजरी फिसकारली. "अरे, आम्ही झाकतो तरी! माणसांना विचार, ती काय करतात."

"झाकतो, मावशी. पण गवतातच झाकतो. आपल्याला इथून निघायला हवं."

त्याची सखी मंजरी चार पिल्लांना पोटाशी घेऊन पडली होती. "यांचे डोळे अजून उघडले नाहीत," ती म्हणाली. "बाहेर थंडी कशी आहे बघतोस ना? गप्प राहिलास तर मांजराला कोण विचारणार आहे?"

"कोणी नाही. आणि ती बाई वेशीबाहेर जाईल."

मंजरी बराच वेळ पिल्लांना चाटत राहिली. मग म्हणाली, "दोन तू उचल, दोन मी."

पौर्णिमेच्या सकाळी सगळे वाड्यात जमले. रोहिताने गाठोडं बांधलं होतं. तेव्हा बोधिसत्त्व कुडावर चढला आणि बोलला. त्या काळी जनावरं बोलत आणि माणसं ऐकत. आता नुसती माणसंच बोलतात.

"खेमका, त्या लंगडीला टिळा आहे का?"

"नाही."

"तिला चारा कोण घालतं?"

"अक्काच की."

"कुठला?"

"गंजीतला..." खेमकाने मान वर केली. पहिल्यांदाच.

"हात एकच, चारा दोन," बोधिसत्त्व म्हणाला. "दोष आमच्या अंथरुणाचा आहे. ते गवत जाळा."

"बोक्याची साक्ष!" दीर्घघोष ओरडला. "उद्या उंदीर न्याय करतील!"

पण कोणी हसलं नाही. एका गड्याने काठी उचलली. बोधिसत्त्व हलला नाही. "काठी ठेव, बाबा. आम्ही निघालोच आहोत. पण एक ऐका. ज्यांच्या पोटात ते गवत गेलंय, त्यांतली एखादी अजूनही गाभडेल. तेव्हा हिच्याकडे बोट करू नका."

"करणार नाही," खेमक मोठ्याने म्हणाला, आणि बहिणीच्या हातातलं गाठोडं काढून घेतलं.

दाट धुकं होतं. तोंडात एकेक पिल्लू धरून बोधिसत्त्व आणि मंजरी नदीपलीकडच्या कपारीत गेली, पिल्लं ठेवून परत आली, आणि उरलेली दोन घेऊन गेली. मागून सगळं कुळ, शेवटी कुरकुरत मावशी.

पुढे आणखी दोन मेंढ्या गाभडल्या. कोणी बोट केलं नाही. मग थांबलं. लंगडीला जुळं झालं. वाड्यात उंदीर मात्र माजले. त्यांनी दीर्घघोषाच्या पोथीची मधली पानं खाल्ली, आणि तो पुढे जन्मभर तशीच वाचत राहिला. कोणाला फरक कळला नाही.

ही कथा सांगून शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, त्यात कोण कोण होतं ते भिक्खूंना उलगडलं. दीर्घघोष म्हणजे आज पुढच्या ओळीत बसून दुसऱ्यांच्या चुका काढणारा भिक्खू वप्पिल. खेमक म्हणजे दाराशी गप्प बसलेला तो उपासक. रोहिता म्हणजे आजाऱ्यांचं अंथरूण धुणारी वयोवृद्ध भिक्खुणी, थेरी सुवत्सा. "आणि तो बोका मीच होतो."

"आणि मंजरी, भंते?" कोणीतरी विचारलं.

"ती त्या वेळी माझ्याबरोबर चालली. या जन्मी मी एकटाच घर सोडून निघालो," शास्ते एवढंच म्हणाले. नाव घेतलं नाही.

स्वतःची ऊब दुसऱ्याच्या जिवावर उठतेय हे कळताच तिच्यातून उठून जाणं, याला नैष्क्रम्य पारमिता म्हणतात.