येसूआईची सरकती शेकोटी

"थंडी पडायच्या आत तिला माहेरी पोचवू. होळीला परत आणू. ह्या पायानं तिचं इथं निभायचं नाही."

हे बोलणं माझ्या कानांसाठी नव्हतं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, पडवीत बसून माझ्या चुलतसासूबाईंना सांगत होत्या आणि मी भिंतीच्या अलीकडे तांदूळ निवडत होते. भिंत कुडाची. पावसाळ्यात तिचं लिंपण गळतं, दिवाळीनंतर ती पुन्हा लिंपतात. मधल्या दिवसांत आमच्या टेंभुरमाळावर कुठलंच गुपित टिकत नाही.

माझा उजवा पाय लहानपणच्या तापात बारीक राहिला. लोखंडी पट्ट्यांचा बूट घालून मी चालते. वैशाखात लग्न झालं तेव्हा पाय सगळ्यांनी नीट पाहून घेतला होता, थंडीचं मात्र कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आत्याबाईंच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता. म्हणूनच त्याला उत्तर देणं अवघड होतं. मी तांदूळ निवडत राहिले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी तोच कूड लिंपायला बसलो, आणि शेणमाती कालवता कालवता आत्याबाईंनीच मला येसूआईची गोष्ट सांगितली. तशीच तुम्हाला सांगते.

फार वर्षांपूर्वी, टेंभुरमाळाला रस्ता नव्हता आणि वाघ दिवसाढवळ्या पाण्यावर यायचा, तेव्हा इथं येसू नावाची बाई राहायची. तिचे दोन्ही पाय जन्मापासून लुळे. ती बसून सरकायची. तळहात टेकायचे, अंग उचलायचं, पुढं टेकायचं, पुन्हा तळहात. लोक तिला बसती येसू म्हणायचे. हाक मारायलाही तेच नाव, आणि तीही ओ द्यायची.

टेंभुरमाळ कड्याच्या टोकावर. खाली कोकण, तिथं थंडी नावापुरती. वर मात्र मार्गशीर्षात घागरीतल्या पाण्यावर साय धरावी तसा बर्फ धरायचा असं म्हणतात. म्हणून दरवर्षी गाव येसूला डोलीत घालून कड्याखाली तिच्या भावाकडं नेऊन सोडायचं आणि होळीला परत आणायचं. भाऊ चांगला होता. त्यानं तिला एक कोपरा दिला होता. कोपऱ्यात ठेवलेल्या वस्तूला कुणी काही विचारत नाही, तसं तिलाही कुणी विचारत नसे. ती परत यायची तेव्हा तिची चूल उंदरांनी पोखरलेली असायची आणि दारातली तुळस वाळलेली.

एका वर्षी दसऱ्यालाच येसूनं सांगून टाकलं की यंदा डोली आणू नका. गाव हसलं. मग समजावायला लागलं. कुणी तिच्या पायांकडं बोट दाखवलं, कुणी आभाळाकडं. येसू ऐकून घेत होती. लोकांना तिच्या पायांची काळजी होती, पण तिची काळजी वेगळीच होती. पायांना काही कळतच नव्हतं. तिला भीती होती ती हातांची. दव गोठलेल्या जमिनीवर तळहात टेकला की कातडं सोलून निघायचं, आणि हात गेले की तिचं चालणंच गेलं.

म्हणून तिनं आधी हातांची सोय केली. जुन्या वहाणा उसवून तळहातांना बांधता येतील अशा केल्या. मग घर आपल्या उंचीला आणलं. पाण्याचा रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरून घेतला. धान्याच्या कणगीला तळाशी भोक पाडून बोळा बसवला. आढ्याला दोर बांधला, धरून वर ओढून घ्यायला. राहिलं जळण. रानात तिला जाता येत नव्हतं, पण रानातली गुरं रोज संध्याकाळी पारावरून तिच्या दाराकडच्या वाटेनं परत यायची. येसू त्यांच्या मागं मागं सरकायची. जिथं शेण पडेल तिथंच गोवरी थापायची, कारण पाटी उचलून घरी नेणं तिला जमत नव्हतं. वाळल्यावर नेऊ, असं तिनं ठरवलं असेल. दिवाळी गेली तरी ती थापतच होती, आणि पारापासून तिच्या दारापर्यंत गोवरीला गोवरी लागून सगळी वाट मढली. येसू गावाच्या हातात शेणाचा गोठ घालतेय, असं बायका म्हणायच्या.

काहींनी त्यातल्या चार-दोन उचलून नेल्या. त्यांच्या चुलीत नुसता धूर झाला, असं म्हणतात. आमच्या शेजारच्या घरात अजून होतो.

मग ती थंडी आली. एका सकाळी धुकं असं उतरलं की सूर्य त्या दिवशी उगवलाच नाही, असं म्हणतात. कोंबडा आरवायला लागला आणि आरव गळ्यातच थिजला. गाव पारावर शेकोटी करून बसलं होतं, पण लाकडं दवानं ओली. शेकोटी धुमसायची, खोकायची, विझायला बघायची. म्हातारी माणसं निळी पडायला लागली. येसूची आठवण कुणाला झाली नाही. तसं बघितलं तर दरवर्षी या दिवसांत ती गावात नसायचीच.

तेवढ्यात धुक्यातून हाक आली.

"शेकोटी इकडं आणा. मला तिकडं येता येत नाही."

येसूनं जन्मात कधी काही मागितलं नव्हतं. ही हाक ऐकून गाव धुक्याकडं वळलं. आणि विझत्या शेकोटीतून एक निखारा ओघळून पहिल्या गोवरीवर गेला. कुणी म्हणतं गावच्या म्हाताऱ्या कारभाऱ्यानं काठीनं सरकवला, कुणी म्हणतं निखारा आपण होऊन उतरला. गोवरी मात्र तेवढ्या दवातही खडखडीत वाळलेली. ती धरली. तिच्यावरून पुढची धरली, पुढचीवरून तिच्या पुढची. आग वाटेनं निघाली. ज्वाळा नाही, घाई नाही. थोडी टेकायची, थोडी पुढं व्हायची. ती येसूच्याच चालीनं निघाली होती.

ऊब निघाली तशी माणसंही निघाली. उभं राहावं तर धुक्याचा वारा अंग कापायचा, ऊब होती ती जमिनीलगत. मग सगळं गाव घोंगड्या पांघरून खाली बसलं आणि आगीच्या दोन्ही अंगांनी बसून सरकायला लागलं. तळहात टेकायचे, अंग उचलायचं, पुढं टेकायचं. कारभारी सरकला, त्याची सून सरकली, येसूला बसती म्हणून चिडवणारेही सरकले. सरकता सरकता सगळ्यांना कळलं की पायांचं काही नाही, हात सोलून निघतायत.

आग येसूच्या दाराशी आली तेव्हा येसू उंबऱ्यात बसली होती. आत हुलग्याच्या माडग्याचा हंडा रटरटत होता आणि पळसाच्या पानांच्या द्रोणांची चवड छपरापर्यंत गेली होती. ते द्रोण ती पावसाळाभर टाचत होती. एकट्या बाईला इतके द्रोण कशाला, असं तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. थंडीची तिची खरी तयारी ती होती. हंडा एकच, पण सगळं गाव पोटभर प्यालं तरी पळी तळाला लागली नाही, असं म्हणतात.

त्यानंतर डोली कधी निघाली नाही. येसू कधी गेली तेही कुणी सांगत नाही. तिच्या उंबऱ्याचा दगड मात्र आहे. मार्गशीर्षात सगळं गार पडतं तेव्हाही तो कोमट लागतो. मी हात लावून पाहिला. लागतो खरा. त्याचं तोंड उन्हाकडं आहे, हेही खरं.

आजही थंडीची पहिली शेकोटी टेंभुरमाळावर अशीच पेटते. कारभारी पारावर निखारा धरून विचारतात, "कुणाचं दार?" ज्याला यायला जमत नाही त्यानं किंवा त्याच्या घरच्यानं हाक द्यायची, की पारापासून त्या दारापर्यंत गोवऱ्या मांडायच्या आणि सगळ्यांनी बसून सरकत जायचं. पँट घातलेले सरपंचही सरकतात, फक्त खाली पोतं घेऊन. पण गेली कैक वर्षं हाक कुणी दिलेली नाही. दम लागलेले म्हातारेही म्हणतात, आम्ही येऊ की चालत. मग कारभारी थोडं थांबतात आणि गोवऱ्या येसूआईच्या दगडापर्यंत मांडतात.

गोष्ट संपली तेव्हा कूड लिंपून झाला होता. आत्याबाईंनी हात धुतले आणि येसूआईला नमस्कार केला. मग माझ्या माहेरी कुणाबरोबर निरोप धाडावा, याचा त्या विचार करायला लागल्या. गोष्ट त्यांना फार आवडते, हे मला दिसत होतं.

मी माझ्या तयारीला लागले. लोखंडी पट्ट्या सकाळी अंगाला चटका देतात इतक्या गार पडतात, म्हणून बूट चुलीच्या ओट्याशी ठेवायला लागले. बारीक पायासाठी लोकरीचा लांब मोजा विणला. पडवीच्या मेढींना, त्या लाकडी खांबांना, दोर बांधून घेतला. आत्याबाईंना वाटलं, कपडे वाळत घालायला.

परवा पहिली शेकोटी होती. मला न्यायला माहेरचं माणूस अजून यायचं होतं. सकाळी सगळं गाव पारावर जमलं. मीही हळूहळू गेले आणि आत्याबाईंच्या शेजारी उभी राहिले. कारभाऱ्यांनी विचारलं, "कुणाचं दार?" कुणी बोललं नाही. ते थोडं थांबले आणि दगडाकडं वळायला लागले.

"आमचं दार," मी म्हणाले. लग्न होऊन आल्यापासून गावानं माझा आवाज ऐकला नव्हता. आत्याबाई माझ्याकडं बघत राहिल्या. "आत्याबाई, मी थंडीत इथंच आहे. शेकोटी आपल्याकडं येऊ द्या. माडगं मी चुलीवर ठेवूनच आलेय."