टोकेरावांची पुण्यतिथी

सागाच्या एका जंगलात टोकेराव नावाचे वयस्कर साळिंदर राहत. त्यांना विचार करायची खोड होती.

जंगलाचा पाणवठा दर उन्हाळ्यात आटे. बेडकांच्या पापांमुळे आटतो, असे बगळेशास्त्री सांगत आणि प्रायश्चित्त म्हणून चार बेडूक गिळत. टोकेरावांनी काठच्या खडकावर खुणा केल्या, महिनाभर पाणी मोजले आणि पाणी वाघमहाराजांच्या टाक्यात जाते असे दाखवून दिले. "विचारल्याशिवाय काही मानू नका," ते म्हणाले. प्राणी विचारू लागले.

महाराजांना ताप भरला. प्रधान तरसाने उपाय सुचवला, "जिवंत विचारवंत टोचतो, महाराज. मेलेल्याला हार घालता येतो."

दुसऱ्याच दिवशी टोकेरावांची पुण्यतिथी जाहीर झाली. सार्वजनिक सुट्टी मिळाली. पुतळाही बसला. हार अडकू नयेत म्हणून त्याला काटे ठेवले नव्हते.

टोकेराव समारंभाला गेले. महाराज गहिवरून बोलत होते, "टोकेराव सांगून गेले, पाणी कमी प्या आणि शास्त्रीबुवांचे ऐका."

"मी असं कधीच म्हणालो नाही," टोकेराव म्हणाले.

"आपण कोण?" पहाऱ्यावरच्या वानराने विचारले.

"टोकेराव."

गर्दी खवळली. थोर पुरुषाच्या नावाने तोतयेगिरी करतो म्हणून त्यांच्याच भक्तांनी त्यांना धक्के मारले. स्मारक समितीची अध्यक्ष बेडकी त्यांची जुनी शिष्या होती. तिने त्यांना बाजूला घेतले.

"गुरुजी, मी ओळखलं तुम्हाला," ती हळूच म्हणाली. "पण समितीवर आल्यापासून बगळे आमच्या घरच्यांना गिळत नाहीत. तुम्ही गेलेलेच बरे."

टोकेरावांना धक्क्यांपेक्षा ते जास्त लागले. तिला दोष द्यावा, तर तिची पिल्ले डोळ्यांसमोर येत होती.

प्रकरण मतदानाला गेले. टोकेराव जिवंत की मृत? तरसाने एवढेच सांगितले, "जिवंत ठरले तर सुट्टी रद्द." टोकेराव खडकावरच्या खुणा दाखवत दारोदार फिरले. सगळ्यांनी त्यांना बसायला पाट दिला, ख्यालीखुशाली विचारली आणि प्रचंड बहुमताने त्यांना मृत ठरवले.

मृत प्राण्याने जंगलात फिरणे बेकायदा असल्याने ते शेजारच्या माळावर निघून गेले.

त्या वैशाखात पाणवठा तळापर्यंत कोरडा पडला. घसे सुकलेले प्राणी मोर्चा घेऊन वाघाच्या गुहेवर चालून गेले. महाराज घाबरले, पण मागणी ऐकून त्यांनी ती जागेवरच मान्य केली.

आता टोकेरावांच्या जयंतीलाही सुट्टी असते.