दोन काहिली आणि आईचा निरोप

भाविकहो, भानुनाथ महाराज हिंगणवाडीच्या माळावर मुक्कामाला होते, तेव्हाची ही गोष्ट. दौलता आणि राणू हे सख्खे भाऊ, दोघेही गूळ करणारे. एकाच मळ्यात दोघांची शेजारी शेजारी गुऱ्हाळं. दौलताच्या गुळाची पंचक्रोशीत वाहवा होती आणि ती त्याच्या डोक्यात गेली होती. राणू महाराजांच्या पायाशी बसतो म्हणून तो त्याला चारचौघांत 'टाळकुट्या' म्हणायचा.

एका दुपारी राणूची बायको सगुणा धापा टाकत मळ्यात आली. घरी सासूला घरघर लागली होती.

"भावजी, आत्याबाई दोघांची नावं घ्यायल्यात. चला बिगीबिगी!"

दोघांच्याही काहिलीत, म्हणजे उसाचा रस आटवायच्या मोठ्या कढईत, पाक यायच्या बेतात होता. जरा नजर हलली की करपलाच म्हणायचा! राणूनं महाराजांचं नाव घेतलं, फावडं खाली ठेवलं आणि घराकडं धूम ठोकली.

"रस वाऱ्यावर सोडून चाललं बघा शाणं!" दौलता खदाखदा हसला. आईची त्याला काळजी नव्हती असं नाही हो. एवढा पाक उतरवू आणि मग जाऊ, असं त्याच्या मनानं घेतलं. माणूस फसतो तो असाच.

वर बघतो तर राणूच्या काहिलीपाशी साक्षात महाराज, हातात फावडं! महाराज म्हणाले, "दौलता, तूही जा. दोन्ही काहिली मी बघतो."

"महाराज, हे भजन न्हवं. पाक कळायला हयात घालवावी लागती. तुमी आपलं राणूचंच बघा."

"आई वाट बघतेय रे."

दौलतानं मान वर केली नाही.

गूळ उतरला, पिवळाधमक! राणूचाही तसाच, रतीभर फरक नाही. महाराज मात्र कुठंच दिसेनात. दौलता घरी धावला. आई गेली होती. उशाशी महाराज बसले होते.

"महाराज, तुमी हितं कवा आलासा?"

"ते दुपारपासनं हितंच हाईत," राणू रडत म्हणाला. "आईचं डोकं त्यांच्याच मांडीवर हुतं. शेवटपातूर तुजंच नाव घेत हुती, दादा."

मळ्यात कोण आलं होतं आणि आपण कोणाला परतवून लावलं, हे तेव्हा दौलताला कळलं. त्यानं हंबरडा फोडला. "देवा, माझा सगळा गूळ जळू द्या, पर ती येक घटका मला माघारी द्या!"

महाराजांचे डोळे भरून आले. "अरे, तीच द्यायला तर मी मळ्यात आलो होतो."

दौलतानं त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. आईला न्यायची वेळ झाली तरी ते त्याला उचलवेना.