रक्ताच्या पिशवीवरचं नाव

“सगळं जुळतंय, मग थांबायचं कशाला, सिस्टर?”

कादंबरीच्या एका हातात रक्ताची पिशवी होती, दुसऱ्या हातात केसपेपर. नर्सिंगच्या परीक्षेत ती जिल्ह्यात पहिली आली होती, आणि ही गोष्ट एव्हाना वॉर्डातल्या माश्यांनासुद्धा ठाऊक झाली होती.

रक्त चढवण्याआधी दोघींनी तपासायचं आणि दोघींनी सही करायची, असा नियम. कादंबरीची सही झाली होती. इनचार्ज सगुणा सिस्टरांच्या पेनाचं टोपण मात्र निघत नव्हतं.

“चुकीच्या गटाचं रक्त गेलं तर काय होतं?”

“पेशंट दगावतो. पाठ आहे मला.”

खाटेवरच्या आजींच्या अंगात रक्त नावाला उरलं होतं. हिमोग्लोबिन चार. काळीज किती जोरात धडधडतंय ते चादरीवरूनही दिसत होतं. कादंबरीला एकेक मिनिट जड जात होतं.

“पिशवीवर भागीरथी बाळाराम भोईर. पेपरवर भागीरथी बाळाराम भोईर. गट ए, नंबरही तोच. हातच्या काकणाला आरसा कशाला?”

“आजींना विचारलंस?”

“विचारलं. तुम्ही भागीरथी बाळाराम भोईर ना, म्हटलं. हो म्हणाल्या.”

सिस्टर आजींच्या उशाशी बसल्या.

“आजी, तुम्ही आपल्या जिल्ह्याच्या कलेक्टर ना?”

आजींनी मान डोलावली. “हां, बाय...”

आजूबाजूच्या बायका हसल्या. कादंबरीचा चेहरा लाल झाला.

“मग काय करू? पूर्ण नाव विचारलं तर भागीरथीच्या पुढे जातच नाहीत. नवऱ्याचं नाव तोंडातून काढत नाहीत.”

“खरंय,” सिस्टर म्हणाल्या. “असं कोरडं कसं काढतील?”

त्या आजींच्या कानाशी वाकल्या.

“आजी, नाव घ्या पाहू. उखाण्यात.”

“इश्श... ह्या वयान?”

धाप लागलेल्या त्या सुकल्या तोंडावर चक्क लाज उमटली. आजींनी पदर सावरला.

“कळशीवर कळशी... वर ठेवली परात...”

पुढे दम पुरेना.

“...हसुरामांचं नाव घेते... सिस्टर, तुमच्या घरात.”

बायकांनी टाळ्या पिटल्या.

कादंबरीने पिशवीवरचं नाव वाचलं. पुन्हा वाचलं. तिच्या पायाखालची वाळू सरकली.

“बाळाराम...” ती ओरडलीच. “मग बाळाराम कुठायत?”

“ते घरी हायेत,” बाथरूमकडून भिंत धरत येणारी एक बाई म्हणाली. “मी त्यांची भागीरथी. काय झालं, बाय?”

सकाळी दोघींच्या खाटा बदलल्या होत्या. केसपेपर मात्र जुन्याच खिळ्यांवर लटकत राहिले होते. हसुरामांच्या भागीरथीचा गट होता ओ.

कादंबरी स्टुलावर मटकन बसली. पिशवी तशीच बंद होती, एक थेंबसुद्धा गेला नव्हता. तिचा जीव भांड्यात पडला, आणि मग तिला रडू फुटलं. आजींना वाटलं, उखाणा फारच आवडला पोरीला. त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

सगुणा सिस्टर रागावल्या नाहीत. त्यांनी केसपेपर जागच्या जागी लावले आणि आजींचं रक्त नव्याने तपासायला पाठवलं.

तासाभराने दुसरी पिशवी आली. कादंबरीने नाव, गट, नंबर, तारीख, सगळं बोट ठेवून वाचलं. आजी तिच्याकडे बघून हसत होत्या, तीही हसली.

सिस्टरांनी सहीसाठी पेन उघडलं.

“आजींना विचारलंस?”

“आता काय विचारायचं, सिस्टर? ह्या भागीरथी हसुराम भोईर. जन्मात विसरणार नाही मी. आता अगदी पक्कं माहीत आहे.”

सिस्टरांनी पेनाला टोपण लावलं.

“माहीत झालं ना? मग आता विचार.”