बिनगाठीची अचकन

"सळईचं टोक वाकवायचं नाही म्हणजे नाही!" करंजवड्याचे सरकार गरजले. "आमच्या घराण्यात आजवर कुणी वाकलं नाही, आणि आमच्याच छज्ज्यात वाकडी लोखंडं?"

राणोजी मिस्त्रीने हात जोडले. "सरकार, छज्जा भिंतीबाहेर अधांतरी राहणार. सळईच्या टोकाला आकडा केला नाही, तर ओझं आलं की ती काँक्रीटमधून सुटते. म्यानातून तलवार निघावी तशी."

"मग न सुटणारी बसव! सळ्या सरळ आणि छज्जा पक्का. दसऱ्याला आम्ही वर उभे राहून सोनं वाटणार, आणि तू बायकोला घेऊन बरोबर खाली बसायचं. जमत नसेल तर संस्थानाबाहेर जाणारा रस्ताही सरळच आहे!"

राणोजी घरी आला तो ओल्या सिमेंटसारखा चेहरा करून. त्याची बायको अनसा राजवाड्याचं शिवणकाम करी. सरकारांची दसऱ्याची अचकन तिच्या मांडीवरच होती. सगळं ऐकून तिने दाताने धागा तोडला.

"म्हणजे छज्जा पडला, तर सरकारांचं दर्शन अगदी जवळून!"

"अगं, थट्टा कसली सुचते तुला?"

"थट्टा नाही. हुकूम नीट विचारून येते."

दुसऱ्या दिवशी ती अचकन घेऊन राजवाड्यात हजर. "सरकार, टोकं सरळ ठेवायची, हे लोखंडापुरतं की सगळ्याच कामाला?"

"सगळ्याच! आमचा हुकूम काय माल बघून असतो?"

"विचारलं ते बरं झालं," अनसा म्हणाली आणि अचकन काखेत मारून परतली. शिवणाऱ्या बाईला एवढा मोकळा हुकूम कुणी देऊ नये. पण सरकारांना हे सांगणार कोण?

अचकन तयार झाली. सरकार ती घालून दरबारात आले, ऐटीत बसले आणि त्यांनी छाती भरून श्वास घेतला. पहिलं बटण दिवाणजींच्या पानदानात पडलं. दुसरं चोपदाराच्या पागोट्यावर. तिसरं घरंगळत कोपऱ्यात अनसाबरोबर उभ्या राणोजीच्या पायाशी गेलं. त्याने ते उचललं नाही.

"अनसाबाई! हे काय शिवलंस?"

"धागा अस्सल रेशमी आहे, सरकार. ओढून बघा, तुटायचा नाही."

सरकारांनी चौथ्या बटणाचा धागा ओढला. तो तुटला नाही. सबंधच्या सबंध हातात आला.

"तुटला नाही, पण निघाला की!"

"टोकाला गाठ नाही ना मारली. हुकमाप्रमाणे सरळ ठेवलंय."

सरकारांनी धाग्याकडे पाहिलं. मग खिडकीतून अर्धवट छज्ज्याकडे पाहिलं.

"म्हणजे धाग्याला गाठ, तसा सळईला आकडा?"

"मी शिवणारी बाई, सरकार. लोखंडातलं मला काय कळतंय!"

सरकारांच्या मिशा थरथरू लागल्या.

"सरकार, हसू नका!" अनसा घाईने म्हणाली.

"का गं?"

"सुरवारीची नाडीही हुकमातच आहे. हुजऱ्याने गाठ न मारता नुसती खोचलीय."

सरकारांनी दोन्ही हातांनी कंबर गच्च धरली आणि असे हसले, असे हसले की उरलेली बटणंही गेली!

"मिस्त्री! वाकव! सगळी टोकं वाकव! आणि अनसाबाई, आमच्या गळ्यातला हा सोन्याचा गोफ आजपासून तुझा. दिवाणजी, तुम्ही काढून द्या. आमचे हात गुंतलेत!"